परीक्षक पाच, भांडणं पन्नास

गणपतीत गावी जाण्याचा एक साइड इफेक्ट असतो. तुम्ही पुण्यात बँकेत असा नाहीतर एचआरमध्ये, गावच्या मंडळासाठी तुम्ही ‘कॉम्प्युटरवाले’च! मग अध्यक्षांची ऑर्डर सुटते, ‘स्पर्धेचे मार्क तेवढे कॉम्प्युटरवर काढ रे, म्हणजे कुणी बोलायला नको.’

नाही म्हणू नका. प्रोग्रॅमिंग शिकायला यापेक्षा भारी पहिला प्रोजेक्ट नाही. फक्त ‘कुणी बोलायला नको’ हा भाग वाटतो तितका सोपा नाही, बॉस.

समजा, गाव आहे दुधनी. सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका, अगदी कर्नाटकच्या वेशीवर. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडणारं गाव. गाण्याची स्पर्धा आहे, परीक्षक पाच, प्रत्येकाच्या हातात दहा गुण. एका मुलीनं कन्नड वचन गायलं. तिला मिळाले ८, ८, ९, ८ आणि एकाकडून चक्क २. त्या परीक्षकांना कन्नड कळलं नाही की गाणं आवडलं नाही, देव जाणे. दुसऱ्या मुलानं मराठी भावगीत गायलं : ७, ७, ८, ७, ७.

आता बेरीज करा. मुलगी ३५, मुलगा ३६. मुलगा पहिला! चार परीक्षकांना मुलगी सरस वाटली होती, पण एका ‘दोन’नं त्या चौघांवर पाणी फिरवलं.

यावरचा जुना उपाय म्हणजे प्रत्येक स्पर्धकाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा गुण बाजूला काढायचा आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. मग मुलगी ८, मुलगा ७. निकाल उलटा! गुण तेच, गळे तेच, बदलला फक्त नियम.

आता प्रोग्रॅम. पायथॉन फुकट मिळते आणि नवशिक्यांशी प्रेमानं वागते. पायथॉन ३ मध्ये तर तुम्ही व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ‘गुण’ असं ठेवू शकता. पायऱ्या चारच : पाच गुण विचारा, चढत्या क्रमानं लावा, पहिला आणि शेवटचा सोडा, मधल्या तिघांची बेरीज करून तीननं भागा.

खड्डे मात्र ठरलेले आहेत. पहिला, कीबोर्डवरून आलेलं ‘८’ पायथॉनसाठी आकडा नसतो, अक्षर असतं. आठ आणि नऊची बेरीज सतरा न येता ८९ येते. त्याला आधी आकड्यात बदलायला सांगावं लागतं. (गंमत म्हणजे देवनागरी ८ सुद्धा त्याला कळतो!) दुसरा खड्डा जास्त खोल. क्रम न लावता ‘सगळ्यात छोटा असेल तो काढ’ असं सांगितलंत आणि प्रोग्रॅमनं सापडेल तो प्रत्येक छोटा गुण काढला, तर आपल्या भावगीतवाल्याचे चारही सात उडतात. आठ तर आधीच गेलेला. उरलं शून्य, आणि शून्यानं भागायला गेलं की प्रोग्रॅम आडवा!

तिसरा खड्डा दिसतच नाही, म्हणून तो सगळ्यात वाईट. दोघांची सरासरी सारखी आली तर? विजेता शोधताना तुम्ही ‘आधीच्यापेक्षा मोठा’ असं लिहिलंत, तर आधी गायलेला जिंकतो. ‘मोठा किंवा समान’ लिहिलंत, तर नंतर गायलेला. म्हणजे करंडक कुणाच्या घरी जाणार हे ठरवलं एका बरोबरच्या चिन्हानं. परीक्षकांनी नाही, मंडळानं नाही, तुम्हीही जाणूनबुजून नाही. जे माणसांनी ठरवायचं राहतं, ते प्रोग्रॅम गुपचूप ठरवून टाकतो.

मोठ्यांचंही हसं झालंय बरं का. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला पैकीच्या पैकी १० गुण मिळाले आणि फलकावर झळकलं १.००! पूर्ण दहा दाखवायची सोयच त्यात नव्हती. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला जोड्यांच्या फिगर स्केटिंगमध्ये एका परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण इतकं पेटलं, की कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. पुढे गुण देण्याची जुनी पद्धतच मोडीत निघाली.

आणि कॉम्प्युटरला एक गोष्ट आपणहून कधीच सुचत नाही. सगळ्यात मोठा आकडा शोध म्हटलं, की तो कुणाला ना कुणाला पहिला काढतोच. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या दर्जाची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. केवढी चर्चा झाली! पटो न पटो, तो माणसांनी घेतलेला आणि माणसांनी अंगावर घेतलेला निर्णय होता.

टोकाचे गुण काढणं हाही रामबाण नव्हे. कधीकधी पाचांतल्या एकालाच बेसूर ऐकू आलेला असतो आणि तोच बरोबर असतो. त्यालाही आपण बाजूला काढतो. म्हणून कीबोर्डला हात लावण्याआधी मंडळाला तीन प्रश्न विचारा : टोकाचे गुण धरायचे की सोडायचे? बरोबरी झाली तर काय? कुणीच लायक नसेल तर? उत्तरं कागदावर घ्या, सह्या घ्या, पहिलं गाणं सुरू होण्याआधी वाचून दाखवा. कुणाचा पुतण्या गाणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणाला किती गुण मिळणार हे अजून कुणालाच माहीत नसतं. न्याय्य नियम ठरतो तो तेवढ्याच वेळात.

मग कोड लिहा. वीस ओळी पुरतात. आणि हो, लॅपटॉप चार्ज करून न्या!