मांसत्याग: शुक्रवारच्या जुन्या व्रताला नवी कारणे

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी व धायरी या परिसरात जीबीएस या नावाने ओळखला जाणारा मज्जातंतूंचा आजार पसरला. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. हा जिवाणू दूषित पाण्यातून पोटात जातो, तसाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातूनही जातो. तपासाचा रोख मुख्यत्वे पाण्याकडे राहिला. तरीही अनेक घरांतून चिकन काही आठवडे हद्दपार झाले.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा राज्यभर चिकनची मागणी घसरली. २०२० च्या आरंभी कोंबडीमुळे कोरोना होतो अशी निराधार अफवा पसरली आणि भाव असे कोसळले की कोंबड्या पाळणारे शेतकरी देशोधडीला लागले. प्रत्येक वेळी भीती सरली आणि दुकानांपुढे पुन्हा रांगा लागल्या. भीतीने केलेला त्याग भीतीबरोबरच संपतो.

मग विचाराने केलेला त्याग कसा असावा? मांस सोडण्याची किंवा कमी करण्याची आरोग्याची व पर्यावरणाची कारणे आज वरचेवर मांडली जातात. त्यांत तथ्य किती, आपल्या परिस्थितीला ती कितपत लागू पडतात, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची परंपरा ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे अशा आपण कॅथलिकांनी त्यांचे काय करावे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

आरोग्याची बाजू

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एक महत्त्वाचा निष्कर्ष जाहीर केला. दहा देशांच्या २२ तज्ज्ञांनी सुमारे ८०० संशोधने तपासून सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत ठरते असे सांगितले. बकरी, मेंढी, डुक्कर, गाय, म्हैस यांचे लाल मांस ‘बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवले गेले. दररोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाणाऱ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांचे अनुमान आहे. याचा अर्थ शंभरातील अठरा जणांना कर्करोग होतो असा नव्हे. मुळात जो थोडा धोका असतो, तो तेवढ्या प्रमाणात वाढतो. नाताळात एकदा चोरिस खाणारा आणि रोज न्याहारीला सॉसेज खाणारा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मात्र शहरातील मुलांच्या डब्यात जे तयार, गोठवलेले, तळायला सोपे असे मांसाचे पदार्थ वाढत आहेत, त्यांकडे पालकांनी सावधपणे पाहावयास हवे.

दुसरी चिंता प्रतिजैविकांची आहे. हजारो कोंबड्या एका छपराखाली वाढवताना रोग होऊ नये म्हणून, आणि कधी वजन लवकर वाढावे म्हणून, औषधे दिली जातात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. पुढे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमधील वापर बंद केला, कारण माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर ज्यावर अवलंबून असतात, ते हे औषध. जिवाणू अशा औषधांना दाद देईनासे झाले, तर त्याचा फटका चिकन न खाणाऱ्यालाही बसतो.

पृथ्वीची बाजू

गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या पोटात चारा पचताना मिथेन वायू तयार होतो व ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जगातील हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचे म्हटले होते. २०२३ च्या नव्या हिशेबात तो सुमारे १२ टक्के धरला आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार १०० ग्रॅम प्रथिने मिळवताना शेळी-मेंढीच्या मांसामागे सरासरी २० किलो, कोंबडीमागे सुमारे ६ किलो, तर कडधान्यांमागे एक किलोपेक्षाही कमी हरितगृह वायू बाहेर पडतात.

पाण्याचा हिशेबही असाच आहे. जागतिक सरासरीने एक ग्रॅम प्रथिनासाठी डाळींना १९ लिटर, कोंबडीला ३४, शेळी-मेंढीला ६३ आणि गोमांसाला ११२ लिटर पाणी लागते. यात पावसाचे पाणीही धरलेले आहे. तरी दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पुरंदर, शिरूर, पारनेर या तालुक्यांशी ज्यांचे नाते आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पण हे आकडे जसेच्या तसे आपल्या ताटावर लादणेही योग्य नव्हे. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून अधिक गायी-बैल व सुमारे ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. ही जनावरे मुख्यत्वे दूध आणि शेतीच्या कामासाठी पाळली जातात. त्यामुळे मटण सोडून पनीर व तुपावर भर देणाऱ्याने मिथेनचा प्रश्न सोडवला, असे म्हणता येत नाही. तसेच दख्खनच्या पठारावरील धनगरांचे कळप पडीक माळावर आणि कापणी झालेल्या रानात चरतात, शेतात बसवले की खत देतात. मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर सहा आठवड्यांत वाढवलेल्या कोंबडीचा आणि या मेंढराचा हिशेब एक नाही. जागतिक सरासरीने दिशा कळते. आपल्या गावची वाट मात्र आपणच पाहून चालावी लागते.

पुण्याने दिलेला इशारा

मांस सोडा एवढे सांगून थांबणाऱ्यांनी पुण्यातच झालेले एक संशोधन अवश्य लक्षात घ्यावे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली व २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारी व्यक्तींमध्ये ही कमतरता असण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. हे जीवनसत्त्व मज्जातंतू व रक्त यांसाठी आवश्यक असते आणि ते दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. मांस सोडणाऱ्याने दूध, दही किंवा अंडी यांची सोय पाहावी, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

रक्तक्षयाचा प्रश्नही आहेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा शिजते आणि त्यातही आईच्या वाट्याला रस्साच येतो, तेथे मांसत्यागाचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला. गरीब मुलाच्या ताटातून गेलेले हे अंडे म्हणजे पर्यावरणाचे रक्षण नव्हे; ते केवळ त्या मुलाचे नुकसान आहे.

शिवाय, शाकाहार म्हणजे आपोआप आरोग्य, हाही भ्रम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मटणाची जागा वडापाव, साबुदाणा आणि गोडधोड यांनी घेतली, तर शरीराला काहीच लाभ नाही. ती जागा मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, पालेभाजी, बाजरीची किंवा नाचणीची भाकरी यांनी घेतली, तरच त्या त्यागाला अर्थ आहे.

सक्ती आणि सोवळे

आपल्या राज्यात आहाराचा प्रश्न केवळ आरोग्याचा कधीच नव्हता. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायींबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले आणि त्यावर वाद झाला. कोणी काय खावे हे सत्तेने ठरवावे का, हा प्रश्न या घटनांच्या मुळाशी आहे.

त्याहून जुना प्रश्न सोवळ्याचा आहे. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांना त्यांच्या ताटावरून हिणवले गेले. भाड्याचे घर शोधताना ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न आजही विचारला जातो आणि त्यामागे दडलेला खरा प्रश्न विचारणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की मांसत्यागाला शुद्धतेचा वास येता कामा नये. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, ही संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायातील शिकवण आपल्या शहरात आज अत्यंत समयोचित आहे.

शुक्रवारचे ताट

ख्रिस्तसभेच्या कायद्यात या त्यागाला जागा आहेच. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, सोहळ्याचा सण आलेला नसल्यास, प्रत्येक शुक्रवार हा मांसवर्ज्य दिवस आहे. नियम वयाच्या १४ व्या वर्षानंतर लागू होतो. त्याऐवजी प्रार्थना किंवा दयाकार्य करण्याची मुभा देण्याचा अधिकार देशोदेशीच्या महागुरुपरिषदांना आहे. या मुभेचा परिणाम असा झाला की भस्म बुधवार, प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार आणि शुभ शुक्रवार सोडले तर पुष्कळांना हा दिवस आठवतच नाही. जेथे तो आठवतो, तेथे मटणाऐवजी त्याहून महाग सुरमई येते. नियम पाळला जातो, त्याग मात्र होत नाही.

इंग्लंड व वेल्सच्या महागुरूंनी सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा सुरू केला. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा मागोवा घेऊन २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे २८ टक्के कॅथलिकांनीच आपल्या शुक्रवारच्या आहारात बदल केला होता आणि त्यांतील सर्वांनी मांस पूर्णपणे सोडलेही नव्हते. तरीही वर्षाला ५५,००० टनांहून अधिक कार्बनचे उत्सर्जन वाचले, असा त्यांचा अंदाज आहे. थोड्यांनी, आठवड्यातून एक दिवस, तेही अर्धवट पाळलेल्या नियमाचे हे फळ आहे. इंग्लंडमध्ये मांस आपल्यापेक्षा कितीतरी अधिक खाल्ले जाते, म्हणून आपल्याकडे हा आकडा लहान असेल. पण दिशा तीच राहील.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात मांस सोडण्याची आज्ञा नाही. साधे राहणीमान, आणि पृथ्वीचा व गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकणे, यांवर त्यात भर आहे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीनेही मठवासीयांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य केले, पण अतिशय अशक्त व आजारी व्यक्तींना त्यातून वगळले. नियमाबरोबर ही दयाही आपण घ्यावी.

म्हणून आम्ही सुचवतो ते असे. ज्यांच्या घरात मांस वारंवार शिजते, त्यांनी वर्षभराचा शुक्रवार पुन्हा मांसाविना पाळावा आणि त्या दिवशी महाग मासळीकडेही वळू नये. प्रक्रिया केलेले मांस रोजच्या आहारातून काढावे. धर्मग्रामाच्या सणाच्या व लग्नाच्या जेवणावळीत उसळ-भाकरीलाही मानाचे स्थान द्यावे आणि उष्टे टाकले जाणार नाही हे पाहावे. फेकलेल्या मटणात ते पाणी व तो चाराही फेकला जातो. गर्भवती, बालके, रुग्ण व कष्टकरी यांच्यावर कोणताही नियम लादू नये. आणि वाचलेले पैसे घरातच राहू नयेत. उपाशी माणसाला भाकरी वाटून देणे हाच देवाला आवडणारा उपवास होय, असे यशया संदेष्ट्याने शिकवले आहे. मटणाच्या एका किलोच्या पैशांत वस्तीतील एखाद्या शाळकरी मुलाला कित्येक आठवडे रोज एक अंडे मिळू शकते. शुक्रवारी आपल्या ताटातून जे कमी होईल, ते त्या मुलाच्या ताटात पोहोचले पाहिजे.