बेटावर जायचंय? आधी नळदुर्ग पाहा!

मुले मोठी झाली की नवराबायकोला अंदमानची स्वप्ने पडू लागतात. पडोत बापडी! पण सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटरवर, आपल्या धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ च्या सुमारास बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बसवला. पावसाळ्यात पाणी भरले म्हणजे ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे शेजारी शेजारी कोसळतात. महालात बसलेला माणूस मात्र कोरडा! बेटाला पाणी चहूकडून, इथे ते डोक्यावरूनही. त्या गर्जनेत बोलणेच खुंटते. घरभाडे, फी, औषधे यांपलीकडे वर्षानुवर्षे न बोललेल्या जोडप्याला तेवढे हवेच असते. आमच्या सौ. तासभर गप्प बसल्या. मग कानाशी येऊन म्हणाल्या, “अहो, डबा उघडू?”