आधी वाफा, मग रोप



जून जवळ आला की आपल्याकडे एक ठरलेलं दृश्य दिसतं. शाळेतून 'एक रोप लावा' अशी सूचना येते, पालक रोपवाटिकेतून फुललेली कुंडी आणतात, मूल रोप हातात धरून उभं राहतं, फोटो निघतो. दिवाळीपर्यंत त्या रोपाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. मला वाटतं, इथेच आपण मुलांना एक चुकीची गोष्ट शिकवतो: बाग म्हणजे रोप लावणं. खरं तर रोप लावणं हे बागेतलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम आहे.

म्हणून माझी सूचना आहे की या वर्षी घराच्या कुंपणालगत बारमाही फुलझाडांचा एकच वाफा करा, पण त्याचा निम्मा वेळ आखणीला आणि मातीला द्या. झेंडू, झिनिया ही हंगामी झाडं. चुकलं तर चार महिन्यांत संपतात, पुढच्या वेळी सुधारता येतं. जास्वंद, मोगरा, तगर, अबोली वर्षानुवर्षं त्याच जागी राहतात. म्हणजे तिथली चूकही वर्षानुवर्षं राहते! आधी विचार का करायचा, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

सुरुवात कागदावर करा. समजा वाफा 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. मागे भिंतीकडे उंच झाडं, मध्ये मध्यम, पुढे बुटकी. जास्वंद आणि तगर यांना तीन-तीन फूट जागा धरली तर मागच्या ओळीत तीनच झाडं बसतात. मूल म्हणेल, "एवढीच? मधे किती जागा मोकळी राहते!" बरोबर, आज मोकळी दिसते. वीत-दीड वीत रोप दोन-तीन वर्षांत त्याच्या डोक्याच्या वर जाणार आहे, हे त्याला आज डोळ्यांसमोर आणायचं आहे. मधल्या ओळीत मोगरा आणि शेवंती, पुढे फुटाफुटावर अबोली. मधे पाय ठेवायला दोन विटा टाका, नाहीतर मागच्या झाडापर्यंत हात पोचत नाही आणि तयार केलेली माती तुडवली जाते.

मग बारा महिन्यांचा तक्ता करायला सांगा. मोगरा उन्हाळ्यात, पावसाळी लिली पावसाबरोबर, कोरांटी आणि शेवंती थंडीत, जास्वंद आणि अबोली जवळजवळ वर्षभर. कोणता महिना रिकामा राहतो ते मूल स्वतः शोधेल.

आता ऊन. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत वाफा बघितला तर सगळीकडे लख्ख ऊन! पण 22 डिसेंबरच्या दुपारी तिथेच पाच फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे साधारण साडेचार फूट पडते. वाफा भिंतीच्या उत्तरेला असेल, तर शेवंतीला ऊन हवं असतं नेमकं तेव्हाच वाफ्याची जमीन सावलीत. हा भूगोलाचा धडा आहे की बागेचा, तुम्हीच ठरवा.

यानंतर माती. एक फूट खोल खड्डा खणा, पाणी भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल, तर पावसाळ्यात मुळं कुजणार. काळ्या मातीत हे हमखास होतं, म्हणून तिथे वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावा. कोकणातल्या तांबड्या मातीचं उलट. तिथे पाणी झटकन निघून जातं, म्हणून शेणखत आणि पालापाचोळा सढळ हाताने घालावा. चुनखडीच्या जमिनीत अनंत आणि एक्झोरा यांची पानं पिवळी पडतात, तेव्हा केवळ फूल आवडलं म्हणून ती तिथे लावू नयेत.

खणताना लव्हाळा आणि हरळी यांना सोडू नका. मी स्वतः पहिल्या वर्षी घाईत लव्हाळ्याची फक्त पाती उपटली आणि अबोली लावून मोकळी झाले. महिन्याभरात अबोली शोधावी लागत होती! लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी काढल्याशिवाय तो जात नाही. आणि एकदा मुळं एकमेकांत गुंतली की त्या काढायला फुलझाडच उपटावं लागतं. म्हणून हे काम मे महिन्यात, वाफा रिकामा असताना. खणून, गाठी वेचून, माती दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या.

खताचं गणितही मुलांकडूनच करून घ्या. 40 चौरस फुटांवर 2 इंचांचा थर म्हणजे साधारण पावणेसात घनफूट, म्हणजे 190 लिटरच्या आसपास. 15 लिटरच्या बादलीने बारा-तेरा बादल्या. वहीतलं घनफळ पाठीला जाणवलं की विसरत नाही. मात्र शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, ताज्या शेणाबरोबर हुमणी येते.

एक इशारा पालकांसाठी. कण्हेर दिसायला सुंदर आणि काटक असली तरी तिचे सगळे भाग विषारी आहेत. घरात लहान मूल असेल तर नकोच. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधं मिळतात हे खरं, पण म्हणून तिची पानं चघळायची नसतात, हेही मुलांना तेवढंच ठासून सांगा.

काही पालक म्हणतात, "मॅडम, एवढा वेळ कुणाकडे आहे? आणि पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत तर मुलाचा विरस होतो." विरस होतो, मान्य. पण फुललेली कुंडी आणून दिली आणि ती दोन महिन्यांत वाळली, तर मूल काय शिकतं? की माझ्या हातून काही जगत नाही. हा विरस जास्त वाईट. उलट, ज्याने स्वतः गाठी वेचल्या, बादल्या मोजल्या, त्याला पहिलं पान फुटलेलंही पुरतं.

शिक्षकांना एवढंच सांगेन: प्रकल्पाचे गुण फुलाला देऊ नका. विकतच्या फुलालाही गुण मिळतात, हे मुलांना लवकर कळतं. गुण द्यायचे ते आराखड्याला, खड्ड्यातल्या पाण्याच्या नोंदीला आणि 'माझं काय चुकलं' या पानाला. आणि पुढच्या वर्षी वर्ग बदलला तरी एकदा विचारा, "तुझा मोगरा कसा आहे रे?" मोगऱ्याची छाटणी थंडीत असते, फुलं उन्हाळ्यात. तोपर्यंत कुणीतरी विचारणारं हवं.