कला-विज्ञान संबंध : गौरव पुरे, तपशील हवा

कला आणि विज्ञान यांच्या नात्याविषयी आपल्याकडे दोन विधाने आलटूनपालटून केली जातात. विज्ञान सत्य शोधते, कला सौंदर्य निर्माण करते, सबब दोहोंची क्षेत्रे भिन्न, हे पहिले. दोहोंच्या मुळाशी एकच प्रतिभा असते, सबब अंतिमतः दोन्ही एकच, हे दुसरे. ही विधाने परस्परविरोधी भासली तरी त्यांचे वैगुण्य समान आहे : चित्रकाराने वा वैज्ञानिकाने प्रत्यक्षात काय केले हे न पाहताही ती करता येतात. ‘सर्जनशीलता’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्याच्या आधारे कशाचेही कशाशीही नाते जोडता येते. असे नाते काहीच सांगत नाही.

एक निश्चित उदाहरण घेऊ. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे रेखाटन केले. त्यात प्रकाश-अंधाराची सीमारेषा ओबडधोबड आहे. पर्वत मात्र नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने चंद्राचे निरीक्षण केले आणि १६१० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिडेरियस नन्सियस’मध्ये तेथे पर्वत व दऱ्या असल्याचे प्रतिपादन केले. हॅरियटची दुर्बीण सुमारे सहापट मोठे दाखवणारी, गॅलिलिओची सुमारे वीसपट. हा फरक महत्त्वाचा आहेच. परंतु कोणतीही दुर्बीण पर्वत दाखवत नाही, ती उजळ आणि काळे ठिपके दाखवते. काळा ठिपका ही सावली आहे आणि सावलीमागे उंचवटा आहे, हे वाचन पाहणाऱ्याचे असते. छायाप्रकाशातून घनता साधणाऱ्या फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना ते अंगवळणी पडलेले होते. चित्रकार चिगोली गॅलिलिओचा स्नेही होता. १६१३ साली गॅलिलिओ स्वतः तेथील चित्रकला-अकादमीचा सदस्य झाला. कलेतिहासकार सॅम्युअल एजर्टन यांनी १९८४ साली हा संबंध साधार मांडला आहे.

यावरून ‘कला ही विज्ञानाची जननी’ असा उद्घोष करण्यास कोणी सरसावेल, तर त्याने उदाहरण अर्धेच वाचले असे म्हणावे लागेल. सावलीतून उंचवट्याचा प्रत्यय आला की चित्रकाराचे काम होते. गॅलिलिओचे तेथे सुरू होते. सीमारेषेपलीकडच्या अंधारात चमकणारे शिखर तिच्यापासून चंद्रव्यासाच्या सुमारे एक-विसांश अंतरावर दिसते, एवढ्यावरून त्याने साध्या भूमितीने पर्वताची उंची चार इटालियन मैलांहून अधिक ठरवली. हा आकडा चूक ठरू शकतो, दुसऱ्याला तो तपासता येतो. याच खडबडीत चंद्रावर उभी असलेली मेरी चिगोलीने १६१२ साली रोममधील सांता मारिया माज्जोरे चर्चच्या घुमटात रंगवली. त्या चंद्रावरील पर्वतांची उंची त्याला कोणी विचारणार नाही, आणि विचारू नये. दोघांनी दृष्टीची देवाणघेवाण केली. उत्तरदायित्वाची केली नाही. साम्य आणि भेद दोन्ही येथे बोट ठेवून दाखवता येतात.

आपल्या समीक्षेत याच्या उलट चालते. कवितेतील संदिग्धतेला ‘अनिश्चिततेचे तत्त्व’ म्हटले की विवेचन वैज्ञानिक झाले, असा समज रूढ आहे. वस्तुतः हायझेनबर्गचे १९२७ चे तत्त्व संदिग्ध नाही. कणाचे स्थान आणि संवेग यांच्या एकाच वेळच्या निश्चितीवर ते एक मोजता येणारी मर्यादा घालते. समीक्षकाने त्याचे नाव घेतले, मर्यादा घेतली नाही. अशा उसनवारीने कविता उलगडत नाही आणि भौतिकीही कळत नाही.

मर्ढेकरांनी असे केले नव्हते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे त्यांनी इतक्या निःसंदिग्धपणे मांडली की त्यांच्याशी असहमत होता येते. म्हणूनच रा. भा. पाटणकरांना ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) त्यांच्या विचाराची कठोर चिकित्सा करता आली. भौतिकीची एकही संज्ञा न वापरता साधलेली ही तपासण्याजोगी मांडणी उसन्या परिभाषेपेक्षा विज्ञानाच्या अधिक जवळ आहे.

तेव्हा कला आणि विज्ञान यांचे नाते सांगू पाहणाऱ्याकडे दोन गोष्टी मागाव्यात : एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या नेमके कोठे कामी आले, आणि कोठे ते अपुरे पडले. दुसरे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचे पहिले उत्तरही तूर्त बाजूला ठेवावे.