जुनी नळी काढतांना

मोटारीच्या इंजिनांत बोटाएवढी एक नळी असते. ती बदलण्याची वेळ आली म्हणजे नवी बसविण्यापेक्षां जुनी काढण्यांतच कारागिराची खरी परीक्षा होते, आणि ही परीक्षा बहुधा गाडीच्या मालकाच्या पैशानें होते. म्हणून ह्या महिन्यांत त्या नळीविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. शब्दरूपें पाठ करून घेण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं हातोड्याच्या कामांत बोलावें काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु व्याकरणांत जसे नियम आणि अपवाद असतात तसेच ते यंत्रांतही असतात. आणि अपवाद न पाहतां नियम लावणाराची जी फजिती होते ती दोन्हीकडे सारखीच.

आमच्या मराठवाड्यांत मोटार ही नवलाची वस्तु राहिली नाहीं, यास बराच काळ लोटला. निजामाच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, तेव्हां नांदेड आणि लातूर हीं दोन्ही गांवें त्याच संस्थानांत होतीं. १९४८ सालीं संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि पुढें सुखवस्तु घरांच्या ओसरीसमोर अँबॅसडर आणि फियाट उभ्या दिसूं लागल्या. अँबॅसडर उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून २०१४ पर्यंत निघत होती. फियाट, जिचें नांव पुढें पद्मिनी झालें, ती वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची. आज दोन्ही निघत नाहींत. म्हणून ज्या घरीं वडिलांच्या वेळची गाडी अद्याप जपून ठेविली आहे, तेथें इंजिनाचें हेड एकदां बिघडलें कीं दुसरें सहज मिळेल अशी आशा धरतां येत नाहीं. आहे तेंच सांभाळावें लागतें. आमचा पुढील सारा विचार ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रथम नळीचें काम काय तें पाहूं. अशा जुन्या इंजिनांत पेट्रोल व हवा आंत घेण्यास एक आणि जळलेला धूर बाहेर सोडण्यास एक अशा प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा असतात. त्यांसच व्हॉल्व म्हणतात. व्हॉल्वचा आकार छत्रीसारखा असून त्याची दांडी एका नळींत वरखालीं सरकते. कारखान्यांत हिला ‘गाईड’ म्हणतात. आम्ही नळीच म्हणूं. ही नळी बीडाची किंवा काशाची असते. बीड म्हणजे येथें शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. हेडमधील छिद्रापेक्षां तिची जाडी केंसभर अधिक ठेवून ती दाबून बसविलेली असते. तिच्यायोगें दांडी सरळ राहते, व्हॉल्व आपल्या बैठकीवर बरोबर टेकतो, आणि व्हॉल्वची उष्णता दांडीवाटे हेडमध्यें उतरते. शेतावरील डिझेल पंपाच्या इंजिनांतही हीच व्यवस्था असते.

दांडी आणि नळी यांमधील मोकळीक एक मिलिमीटरच्या शतांशांत मोजावयाची असते. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें ती वाढते. नळीचें तोंड घंटेसारखें पसरतें. मग वरचें तेल दांडीच्या कडेनें आंत झिरपतें. अहमदपूरकडून येतांना बालाघाटाचा लांब उतार लागतो. तेथें पाय पेट्रोलवरून काढलेला असतां सिलिंडरांतील ओढ वाढते आणि तेल अधिकच आंत ओढलें जातें; उतार संपून पुन्हां पेट्रोल दिलें कीं मागें निळसर धुराचा लोट निघतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं सुरू करतांनाही असाच धूर क्षणभर दिसतो. उलट, चढावर ओझें ओढतांना धूर एकसारखा येत असेल तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा असतो. हा भेद ज्यास कळला त्याचा निम्मा खर्च वांचला. हेड उतरविल्यावर निश्चिति करणें सोपें आहे. व्हॉल्व बैठकीवरून थोडा उचलून आडवा हलवून पाहावा. स्थूणानिखनन न्याय प्रसिद्ध आहे: पुरलेला खांब घट्ट बसला कीं नाहीं हें तो हलवूनच कळतें. व्हॉल्व डुगडुगला तर नळी गेली असें समजावें.

आतां लातुरांतील एका एकत्र कुटुंबाची हकीकत सांगतों. चार भावांचें घर. वडिलांनीं घेतलेली अँबॅसडर. धूर वाढला तेव्हां थोरल्यांचें मत ती मोडीत काढावी असें पडलें. धाकट्यांनीं आग्रह धरून हेड एका कारखान्यांत दिलें. तेथील माणसानें हाताशीं पडलेली एक बारीक कांब घेतली आणि नळीच्या वरच्या टोंकावर घणाचे घाव घातले. टोंक छत्रीप्रमाणें फुललें. तें फुललेलें टोंक तसेंच छिद्रांतून खालीं हाणिलें गेलें आणि जातां जातां छिद्राची भिंत ओरबाडून गेलें. आठांपैकीं तीन छिद्रें अशीं बिघडल्यावर त्यानें हात टेकले. हेड परत घरीं आलें तेव्हां चौघांत बोलणें चाललें असतां त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “खडा बदलायचा तर कोंदण आधीं जपावें लागतें, हें सोनाराला ठाऊक असतें. तुमच्या मिस्त्रीला कोणी सांगितलें नव्हतें काय?”

आमच्या मतें ह्या विषयाचें सार ह्याच वाक्यांत आहे. नळी टाकून द्यावयाचीच आहे, तिचें कांहीं झालें तरी चालेल. छिद्र राहावयाचें आहे, त्यास ओरखडाही नको. हें धोरण ठरलें म्हणजे पुढील कृति आपोआप सुचते.

पहिली गोष्ट, काढण्यापूर्वीं मोजणें. जुनी नळी हेडच्या वर किती निघालेली आहे तें मोजून लिहून ठेवावें. नवी तितकीच ठेवावयाची असते. नळी निघून गेल्यावर हें माप सांगावयास कोणी उरत नाहीं.

दुसरी गोष्ट, दिशा. येथें नियम आणि अपवाद आले. जुन्या अँबॅसडरच्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या घराण्यांत नळी वरून खालीं, म्हणजे ज्वलनकक्षाच्या बाजूस काढतात. पण कित्येक इंजिनांत नळीस वरच्या अंगास कांठ किंवा कडी असते. ती खालून वरच निघावयाची. अशी नळी खालीं ठोकणें म्हणजे दाराला कडी असतां भिंत पाडणें होय. त्या त्या इंजिनाचें पुस्तक किंवा नळीचें वरचें टोंक पाहिल्याशिवाय हातोडा उचलूं नये.

तिसरी गोष्ट, ज्या टोंकावर घाव बसावयाचा तें स्वच्छ करणें; कारण तेंच टोंक सर्व छिद्रांतून प्रवास करणार. नळी खालून वर काढावयाची असेल तर तिच्या खालच्या टोंकावर काजळीचा दगडासारखा थर असतो. तो खरवडून काढिला नाहीं तर कानसेप्रमाणें छिद्र घासून टाकतो.

चौथी गोष्ट, हत्यार. सुंबा लेथवर पायरीचा करून घ्यावा: पुढचा बारीक भाग नळीच्या आंत सैल बसेल असा, आणि मागचा जाड भाग नळीच्या बाहेरील जाडीहून किंचित् कमी. म्हणजे घाव सरळ बसतो, टोंक फुलत नाहीं, आणि सुंबा स्वतः छिद्रास लागत नाहीं. दाबयंत्र असेल तर घणापेक्षां तेंच बरें.

पांचवी गोष्ट उष्णता. आणि हींत पुष्कळांचा गैरसमज असतो. ‘हेड तापवा म्हणजे नळी सुटते’ हें वाक्य फियाटला लागू आहे, अँबॅसडरला नाहीं. फियाटचें हेड अल्युमिनियमचें. १४ मिलिमीटरचें छिद्र १०० अंशांनीं तापविलें तर अल्युमिनियममध्यें तें सुमारें ०.०३२ मिलिमीटर वाढतें, आणि आंतील बीडाची नळी सुमारें ०.०१५ च वाढते. पकड तितकी सैल होते. नळी काशाची असेल तर ती सुमारें ०.०२५ वाढते, म्हणजे लाभ थोडाच. अँबॅसडरचें हेड बीडाचें आणि नळीही बीडाची; दोन्ही सारखींच फुगतात, लाभ कांहींच नाहीं. तापविणें असेल तेथें सर्व हेड भट्टींत सारखें तापवावें. एका जागीं ज्योत धरली तर हेड वांकण्याचें भय असतें.

इतकें करूनही नळी हटून बसली तर हट्टास हट्ट करूं नये. तिच्या मध्यांतून क्रमाक्रमानें मोठें भोंक पाडून तिची भिंत पातळ करावी. पकड सुटते आणि ती निमूट निघते. येथें गिरमिट मध्यावरून ढळूं नये एवढेंच जपावयाचें.

लातूरच्या त्या हेडाचें पुढें काय झालें? नांदेडच्या एका लेथवाल्यानें राहिलेल्या नळ्या पायरीच्या सुंब्यानें उतरविल्या, बिघडलेलीं तीन छिद्रें किंचित् मोठीं करून साफ केलीं, आणि त्यांच्या मापाच्या जाड नळ्या कातून दिल्या. हेड वांचलें, पण जें काम एका खर्चांत व्हावयाचें त्यास दोन खर्च लागले. शिवाय असें छिद्र फार वेळां वाढवितां येत नाहीं.

नवी नळी बसल्यावर तिचें आंतील माप रीमरनें बरोबर करावें, आणि त्यानंतरच व्हॉल्वची बैठक कापावी. हा क्रम उलटा झाला तर सर्व श्रम फुकट. कारण बैठक नळीच्याच मध्यरेषेवरून कापली जाते. देशांत शिशाचें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. त्या शिशामुळें जुन्या बीडाच्या हेडांतील बैठकींस जें संरक्षण मिळत असे तें आतां नाहीं. म्हणून हेड उघडलेंच आहे तर धुराच्या बाजूच्या बैठकी झिजल्या आहेत काय तें पाहून कठीण लोखंडाच्या कड्या बसवून घेणें शहाणपणाचें.

आमच्या वाचकांपैकीं स्वतः हातोडा धरणारे थोडेच असतील. त्यांनीं मिस्त्रीस इतकेंच विचारावें: नळी कोणत्या बाजूनें काढणार, सुंबा पायरीचा आहे काय, आणि बैठक नळीच्या आधीं कापणार कीं नंतर. ज्यास हें काम येतें तो रागावत नाहीं. उलट विचारणारा भेटला म्हणून सुखावतो. आणि जो रागावेल त्याच्या स्वाधीन घरची वस्तु न केलेली बरी. जुनें झिजलेलें काढून टाकण्यास कोणाची हरकत नाहीं. काढतांना मूळ जागा शाबूत राहिली कीं नवें तेथें सुखानें नांदतें.