एटापल्लीत लिव्हर फायब्रोसिस कसा ओळखायचा? चार आकड्यांचं गणित आणि मलेरियाची मेख

लिव्हर खराब व्हायला लागलं की दुखतं का? बहुतेक वेळा नाही. डोळे पिवळे होईपर्यंत, पोटात पाणी साठेपर्यंत किंवा रक्ताची उलटी होईपर्यंत अनेकांना काहीच कळत नाही. तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

मोठ्या शहरात 'फायब्रोस्कॅन' नावाच्या यंत्रावर काही मिनिटांत लिव्हरचा कडकपणा मोजता येतो. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत राहणाऱ्याचं काय? तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्ह्याचं ठिकाण मात्र शंभर किलोमीटरहून लांब आणि नागपूर त्याच्याही पुढे.

यावर एक स्वस्त उपाय आहे. पण गडचिरोलीत तो जपून वापरावा लागतो. का, ते समजून घेऊ.

फायब्रोसिस म्हणजे काय?

दारू, चरबी, हिपॅटायटिस बी किंवा सी यामुळे लिव्हरला वर्षानुवर्षं इजा होत राहते. जखम भरताना तिथे व्रणासारखे कडक धागे तयार होतात. हाच फायब्रोसिस. एफ-० ते एफ-४ अशा त्याच्या पायऱ्या आहेत. एफ-४ म्हणजे सिरॉसिस.

सोनोग्राफीत चरबी दिसते, पण सुरुवातीचा फायब्रोसिस सहसा दिसत नाही. त्यामुळे 'सोनोग्राफी नॉर्मल' म्हणजे लिव्हर ठणठणीत, असं नाही.

चार आकड्यांचं गणित

फायब्रोसिसच्या पहिल्या चाळणीसाठी जगभर 'फिब-४' हे सूत्र वापरतात. त्याला चार गोष्टी लागतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा. त्याला प्लेटलेट्स (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं.

उत्तर १.३ पेक्षा कमी आलं तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ पेक्षा जास्त आलं तर तज्ज्ञांकडे जायला हवं. मधलं आलं तर पुढची तपासणी. वय ६५ च्या वर असेल तर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत हे सूत्र फारसं भरवशाचं नाही.

मग मेख कुठे आहे?

एक उदाहरण घेऊ. वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स अडीच लाख. उत्तर येतं १.२. म्हणजे काळजी नाही.

याच माणसाला मलेरिया झाला आणि प्लेटलेट्स ९० हजारांवर आल्या. बाकीचे आकडे तेच ठेवले तरी उत्तर येतं ३.३३. लिव्हर तेच, पण कागदावर माणूस थेट 'धोक्यात'.

सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढते आणि प्लेटलेट्स घटतात, म्हणून त्या या सूत्रात आहेत. पण मलेरियातही प्लेटलेट्स घटतात. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटतात, त्यामुळे एसजीओटी वाढू शकतं. गडचिरोलीत हे दोन्ही आजार आहेत आणि मलेरियाचे रुग्ण या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आढळत आले आहेत.

वयाचाही प्रश्न आहे. जन्मनोंद नसलेल्या माणसाचं वय अंदाजाने लिहिलं आणि दहा वर्षांनी चुकलं, तर उत्तरही त्याच प्रमाणात चुकतं.

म्हणून तापात केलेल्या तपासणीवरून फिब-४ काढू नये. माणूस बरा झाल्यावर काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावं. नाहीतर कुणी मजुरी बुडवून, उसने पैसे घेऊन नागपूरला विनाकारण जाईल. उलट बाजूने, 'मलेरियामुळेच असेल' म्हणून खरा सिरॉसिस सुटायलाही नको.

उपचार काय?

फायब्रोसिसवर पहिला उपचार म्हणजे त्याचं कारण थांबवणं. कारण थांबलं तर सुरुवातीचा फायब्रोसिस मागेही हटू शकतो.

दारू हे कारण असेल तर ती पूर्ण बंद. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे 'पितो' असं डॉक्टरांना सांगायला माणूस बिचकू शकतो. पण उपचारासाठी ते सांगणं गरजेचं आहे.

हिपॅटायटिस सी बहुतेकांमध्ये १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हिपॅटायटिस बी गोळ्यांनी काबूत राहतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची औषधं मोफत आहेत.

फॅटी लिव्हर असेल आणि वजन जास्त असेल, तर ते ७ ते १० टक्के घटवल्याने फायदा होतो. अमेरिकेत २०२४ मध्ये रेसमेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना एफ-२ आणि एफ-३ साठी मंजुरी मिळाली. ती सिरॉसिससाठी नाहीत आणि सगळ्यांसाठीही नाहीत. सोशल मीडियावरच्या 'लिव्हर डिटॉक्स' काढ्यांनी फायब्रोसिस जातो, याला पुरावा नाही.

सिरॉसिस झालाच असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी. कॅन्सर लवकर सापडावा, हा त्यामागचा हेतू.

तुम्ही काय कराल?

मधुमेह, बरीच वर्षं दारू, हिपॅटायटिस किंवा सतत वाढलेलं एसजीपीटी यापैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारा: 'माझा फिब-४ किती?' आणि अलीकडे ताप, मलेरिया झाला असेल किंवा सिकलसेल असेल, तर तेही आधी सांगा.