हीथ्रो ते होटगी रोड

हीथ्रो ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. मुंबई ते सोलापूर सरळ रेषेत जेमतेम 360. तरीही आमच्या लंडनच्या मंडळातल्या कुठल्याही सोलापूरकराला विचारा, दमवणारा टप्पा म्हणून तो या दुसऱ्याचेच नाव घेतो.

मोठ्या टप्प्यात वेळ ठरवतो तो वारा. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे भारताकडे निघालेल्या विमानाला मागून रेटतात आणि परतताना समोरून अडवतात. म्हणून जाताना नऊ तासांच्या आसपास लागतात, येताना दहा किंवा त्याहूनही जास्त.

मुंबईत उतरल्यावर मात्र हिशेब वाऱ्याचा राहत नाही. इमिग्रेशन, बॅगांची वाट, कस्टम्स, आणि मग साडेसहा तासांची वंदे भारत, नाहीतर रात्रभराची सिद्धेश्वर एक्सप्रेस. कित्येक वर्षे सोलापूरकरांच्या नशिबी विमानानंतरचा हा रेल्वेप्रवासच होता. सोलापुरात होटगी रोडचा विमानतळ होता, पण नियमित विमाने नव्हती. विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून शहरात मोठा वाद झाला आणि 15 जून 2023 रोजी ती पाडली गेली. कारखान्यावर पोट असलेल्या शेतकऱ्याला त्या दिवशी काय वाटले असेल, हे विमानात बसणाऱ्यांनी विसरू नये. पुढे जून 2025 मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली.

ही खरोखर आनंदाची बातमी आहे. पण तासाभराचे उड्डाण म्हणजे तासाभराचा प्रवास नव्हे. लंडनहून 23 किलोच्या बॅगा घेऊन निघालेल्याला देशांतर्गत विमानात सहसा 15 किलोच फुकट नेता येतात. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिले विमान रखडले, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.

दुसरी वाट हैदराबादची. हीथ्रोपासून हैदराबाद मुंबईपेक्षा सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे, पण तिथून सोलापूर रस्त्याने तीनशेच्या आसपास, तर मुंबईहून चारशे. हैदराबादचा शमशाबाद येथील विमानतळ 2008 मध्ये सुरू झाला. तेलंगणाशी सोयरीक असलेल्या सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबांना ही वाट परकी नाही. रात्री-अपरात्री मुंबईत अडकण्यापेक्षा हैदराबादहून गाडीने घरी जाणे कित्येकदा सोपे पडते.

हा सगळा विचार तरुणांसाठी कमी, आईवडिलांसाठी जास्त. नातवंडांना भेटायला येणाऱ्या सत्तरीतल्या आजीला नऊ-दहा तासांचे विमान झेपते. मुंबईत बॅगा ओढत एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाणे झेपत नाही. तेव्हा सभासदांना कळकळीची विनंती: तिकीट काढताना स्वस्त भाड्याआधी दोन विमानांमधले अंतर पाहा. मुंबईत किमान पाच तास हाताशी ठेवा, शक्य असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, आणि व्हीलचेअरची नोंद दोन्ही विमान कंपन्यांकडे वेगवेगळी करा.